चेहरा मुंबईचा, पाय म्हैसूरचे

शिंप्याच्या मशीनखाली चिंध्या साठतात ना, तसे हे किस्से साठत जातात. झाडून टाकायला बसावं, तर एखादी जरीची हाताला लागते आणि झाडू तिथेच राहतो! म्हैसूरच्या लष्कर मोहल्ल्यातल्या माझ्या दुकानात नाचाचे कपडे शिवले जायचे. आमचं मंडळ म्हणजे नाचणाऱ्या नागरत्नम्मा, त्यांचे मृदंगवाले सुब्बण्णा आणि त्यांचा शिंपी, म्हणजे मी. हसू नका, पण आमचे बहुतेक किस्से भीतीचेच. मंडळच भित्रं, आणि त्यात माझा पहिला नंबर!

*

सरकारने देवळातला नाच बंद केला, तेव्हापासून नागरत्नम्मांना एकच जागा उरली होती. एका सरदारसाहेबांच्या बंगल्यावर नवरात्रात नाचाची बैठक व्हायची, ती. सरदारांचं घराणं मराठी, पणजोबा तलवार घेऊन इकडे आलेले. तलवार गेली, पण आवाज तोच होता! त्यांनी सगळ्यांदेखत सांगून ठेवलं होतं, "जी बाई सिनेमाच्या तंबूतल्या पडद्यावर दिसेल, तिने माझ्या सतरंजीवर पाऊल ठेवायचं नाही!"

आणि नेमकी त्याच वर्षी मुंबईची सिनेमा कंपनी म्हैसुरात उतरली. हिंदी बोलपट होता. हिरॉईन गाणारी, पण नाचाच्या नावाने शंख! म्हणून तिच्याऐवजी नाचायला कंपनीने अम्मांना गाठलं. त्यांना कानडी येईना, अम्मांना हिंदी येईना. डायरेक्टर मराठी, म्हणून दुभाषा मी.

मला वाटलं, अम्मा हाकलून देतील. पण त्या म्हणाल्या, "गुरू गेले. आता कुणी मुलगी शिकायला पाठवत नाही. मी गेल्यावर त्यांनी बसवलेला तिल्लान्याचा नाच कुणाच्या पायात राहणार, विठ्ठलण्णा? यांच्या फिल्मच्या डब्यात तरी राहू दे. पण तोंड दिसता कामा नये. तोंड दिसलं की माझं नवरात्र गेलं!"

मी घाबरत घाबरत डायरेक्टरला अट सांगितली. त्यांनी टाळीच दिली. "अहो, चेहरा आहे आमच्याकडे! आम्हाला पायच पाहिजेत!"

*

शूटिंग गावाबाहेरच्या एका बागेत होतं. सुब्बण्णांनी कुठूनतरी ऐकलं होतं, की कॅमेरा ज्याच्याकडे बघतो त्याचं आयुष्य थोडं थोडं ओढून घेतो. सकाळी जाऊन बघतो तर कॅमेऱ्याला लिंबू-मिरची बांधलेली!

कॅमेरामन खवळला. "माझ्या कॅमेऱ्याला कुणाची दृष्ट लागणार आहे?"

सुब्बण्णा माझ्या मागे लपून म्हणाले, "अय्यो, त्याला नाही हो! त्याची लागू नये म्हणून!"

अम्मा हसल्या. पण त्या दिवशी त्यांनीही कॅमेऱ्यासमोर उभं राहण्याआधी दोनदा देवाचं नाव घेतलं, ते मी पाहिलं.

*

मग आवाजवाल्याची कटकट. घुंगरांनी त्याचा माईक बधिर व्हायला लागला. "काढून टाका ते!"

अम्मांचा चेहराच उतरला. गुरूंनी बांधलेले घुंगरू नाचाआधी काढायचे? त्यांच्यात ते अभद्र. शेवटी माझ्याकडे होती ती मलमल फाडली आणि घुंगरांवर पट्ट्या गुंडाळून टाके घातले. आवाज निम्मा झाला. माईकवाला खूश!

सुब्बण्णा मात्र कपाळाला हात लावून बसले. "बघा विठ्ठलण्णा, नाचणारीची पावलं होती, चोराची झाली!"

*

एकदा टेक चालू असताना रस्त्यावर मोटारीचा हॉर्न वाजला. "सरदार!" असं कोण ओरडलं देव जाणे. अम्मा कपड्यांच्या ढिगात शिरल्या, सुब्बण्णा मृदंगासकट झुडपात, मी पेटाऱ्यामागे. मोटार जवळ आली. बघतो तर हुणसूरची तंबाखूची लॉरी!

बाहेर आलो तर डायरेक्टर कुठेच दिसेनात. शेवटी एका झाडामागे सापडले, घामाघूम.

"साहेब, तुम्ही कशाला लपलात?"

"तुम्ही सगळे लपलात म्हणून!"

*

पुढच्या वर्षी नवरात्राच्या तोंडावर तो बोलपट आमच्याकडच्या तंबूत लागला. आम्ही तिघं संध्याकाळच्या खेळाला गेलो आणि आत शिरताच खांबाआड सरकलो. पहिल्या रांगेत, खुर्चीवर, सरदारसाहेब! सिनेमा म्हणजे पाप म्हणणारा माणूस पानाचा डबा घेऊन बसलेला!

पडद्यावर तिल्लाना सुरू झाला. अम्मांची पावलं एवढी मोठी, तंबूभर! सुब्बण्णांची बोटं आपोआप मांडीवर वाजायला लागली. मी त्यांचे दोन्ही हात गच्च धरून ठेवले. अम्मांनी पदर तोंडावर घेतला होता. त्या बघत होत्या की रडत होत्या, कळेना. पावलं थांबली, आणि वर चेहरा आला तो मुंबईच्या हिरॉईनचा! तंबूत शिट्ट्या वाजल्या. मी सुब्बण्णांचे हात सोडले. गुरूंचा तिल्लाना डब्यात राहिला आणि नवरात्रही वाचलं, असं म्हणत आम्ही घरी आलो.

*

दुसऱ्या दिवशी नागरत्नम्मा नवरात्राच्या पोलक्याचं माप द्यायला दुकानात आल्या होत्या. सुब्बण्णा सोबत होते. तेवढ्यात सरदारांची मोटार दारात थांबली. माझ्या हातातली कात्री खाली पडली. सुब्बण्णा भिंतीला चिकटले.

साहेब आत आले. "बरं झालं, इथेच भेटलात. नागरत्नम्मा, तंबूतला तो बोलपट पाहिलात?"

"पाहिला, साहेब."

"त्या मुंबईच्या बाईंचा नाच पाहिलात? काय पाऊल हो! इतकी वर्षं नाच बघतोय, पण असं पाऊल माझ्या बंगल्यात पडलं नाही! सिनेमावाली असली म्हणून काय झालं? कला ती कला. यंदा नवरात्राला त्यांनाच बोलावतोय. तुम्ही विश्रांती घ्या. आणि हो, बघायला मात्र या, दोन गोष्टी शिकाल!"

सुब्बण्णांनी तोंड उघडलं. अम्मांनी त्यांच्याकडे नुसतं बघितलं, तसं त्यांनी ते मिटलं.

"बरं, साहेब," अम्मा म्हणाल्या. हात जोडले, आणि लुगड्याचा काठ खाली ओढून दोन्ही पावलं झाकून घेतली.