उलटा टांगलेला श्री

माझे बाबा कुठल्याही कागदाच्या डोक्यावर आधी श्री लिहितात, मग बाकीचं. सामानाची यादी असो, कौन्सिलला तक्रार असो, नाहीतर जीपीला, म्हणजे आमच्या डॉक्टरला, विचारायचे प्रश्न असोत. 'श्री. दूध, ब्रेड, धने, बिन बॅग्ज.' सत्त्याऐंशी वर्षांचे आहेत, त्यातली चाळीस इंग्लंडात, मिल्टन कीन्समध्ये काढली, पण सवय काही सुटली नाही. आणि त्यांचा श्री शंभरांत ओळखू येतो. शेवटची वेलांटी ते इतकी लांब ओढतात की ती अक्षराच्या पोटाखालून जाते आणि पार पलीकडे निघते.

मागच्या उन्हाळ्यात माझी मुलगी मैत्रिणींबरोबर समुद्रावर गेली होती, खाली कॉर्नवॉलला. तिथून तिचा फोन आला.

"आई, फोटो पाठवला. उलटा करून बघ. हे आजोबाचा श्री आहे ना?"

मुलगी इथेच जन्मली, क्रॉयडनला नोकरी करते, तिचं व्याकरण असंच. डोळे मात्र शाबूत आहेत. मी फोन उलटा केला, तर मेला फोटोही फिरून परत होता तसा. शेवटी फोन टेबलावर ठेवला आणि टेबलाला वळसा घालून पलीकडून बघितलं. जुन्या लाकडी सर्फबोर्डचं खालचं टोक होतं. पिवळट लाकूड, मधून गडद पट्टी, वर काचेसारखा पारदर्शक थर, आणि त्या थराखाली पेन्सिलीने लिहिलेला श्री. वेलांटी पोटाखालून पलीकडे. 

दुसरा फोटो शेजारच्या पाटीचा होता. तिथलं एक छोटं म्युझियम, त्यांनी लावलेली पाटी. ऑस्ट्रेलियात अमक्याने स्वतःच्या हाताने घडवलेला दुर्मीळ बोर्ड, सर्फिंगच्या सुरुवातीच्या काळातला. आणि खाली बारीक अक्षरांत: निर्मात्याला पूर्वेकडच्या अध्यात्माची ओढ होती, म्हणून लाटेपुढची नम्रता दाखवण्यासाठी त्याने हे गूढ चिन्ह मुद्दाम शेपटाकडे, उलटं काढलं.

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. अध्यात्म म्हणे! ओढ म्हणे! माझ्या बापाने पेन्सिलीने लिहिलेला श्री, आणि तो त्या शेडच्या मालकाची नम्रता?

पाटीवरचा तो अमका म्हणजे बाबांच्या शेडचा मालक, मला लहानपणापासून ऐकून माहीत आहे. बाबा मूळचे सावंतवाडीचे. आजोबा लाकडी खेळणी करायचे, पांगाऱ्याच्या लाकडाची. बाबा हुशार निघाले, शिष्यवृत्ती मिळवून इंजिनिअरिंग शिकायला थेट सिडनीला पोहोचले. एकोणीसशे पन्नासचं दशक संपत आलं होतं. सुट्टीत काम हवं म्हणून ते समुद्रकाठच्या एका शेडमध्ये गेले, तिथे लाटांवर चालवायच्या फळ्या बनत. बाबा अजून फळीच म्हणतात, बोर्ड नाही. फळ्या बाल्साच्या. इतकं मऊ लाकूड की रंधा मारला की तंतू उखडून यायचे आणि तिथली पोरं वैतागायची. बाबांनी एक तुकडा हातात घेतला, नखाने दाबून बघितला आणि म्हणाले, हा तर पांगाराच की! मग रंध्याचं पातं काढलं आणि दगडावर घासत बसले. हातावरचे केस निघतील इतकी धार आणल्यावर पहिला हात मारला. कागदासारखी सलग साल निघाली. मालक बघतच राहिला.

त्या दिवसापासून शिक्षण संपेपर्यंत त्या शेडमधल्या चांगल्या फळ्या बाबांच्या हातच्या. आणि गिऱ्हाईक आलं, की मालक म्हणायचा, मागे जा आणि दार ओढून घे. मग पुढे तो स्वतः फळीवरून हात फिरवत उभा. बाबा मागच्या खोलीत, भुशात. शिक्षण संपलं तशी त्या देशाने त्यांना परत पाठवलं. तेव्हा आमच्या रंगाची माणसं त्यांना शिकायला चालायची, राहायला नको होती. बाबा हे सगळं सांगायचे ते हसत हसत. मला लहानपणीही त्यात हसण्यासारखं काय आहे ते कळायचं नाही.

फोटो दाखवला तेव्हा त्यांनी तो डोळ्यांजवळ धरला. मग चष्मा काढून पुसला.

"माझीच आहे. पहिली."

"बाकीच्यांवर पण लिहिलंत का श्री?"

"नाही. ह्या एकीवरच. नंतर नाही लिहिला."

"का?"

"जाऊ दे गो," म्हणाले, आणि चहा टाकायला उठले.

जाऊ दे! ह्या दोन शब्दांवर माझा जितका राग आहे तितका त्या मालकावरही नाही. ऑफिसात बढती दुसऱ्याला दिली, जाऊ दे. शेजाऱ्याने आमच्या बागेत कुंपण सरकवलं, जाऊ दे. आयुष्यभर मूग गिळून बसलेला माणूस. मी तशी नाही. मी इथल्या शाळेत तीस वर्षं फिजिक्स शिकवते आहे, आणि मागच्या बाकावरून खोटं बोललेलं मला पाठमोरीही ऐकू येतं. मी ठरवलं, की बाबा आहेत तोवर त्या पाटीवर त्यांचं नाव लागलं पाहिजे. मग काय व्हायचं ते होवो.

म्युझियमला ईमेल केली. उत्तर आलं, किती छान कौटुंबिक आठवण! पण पुरावा काय? तेव्हाचा फोटो, मालकाचं पत्र, काही? मी लिहिलं, ज्याला मागच्या खोलीत लपवलं त्याचा फोटो कोण काढणार? बाबांच्या तीन याद्या स्कॅन करून पाठवल्या, एकेका श्रीला लाल गोल करून. उत्तर आलं, साम्य रोचक आहे. परंतु हे चिन्ह भारतात सगळेच काढतात ना? आणि कुणी भारतीय माणूस आपलं पवित्र चिन्ह उलटं का काढेल? पाटीवरचं स्पष्टीकरण त्यांना जास्त पटत होतं.

खरं सांगते, ह्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडेही नव्हतं. त्याने तर माझा अजूनच तिळपापड झाला. सप्टेंबरात एका शनिवारी मी बाबांना गाडीत घातलं आणि निघाले. ते नको नकोच म्हणत होते. आमच्या गावाचे राउंडअबाउट संपेपर्यंत कुरकुरले, मग मेथीचे पराठे खाऊन झोपले.

म्युझियम म्हणजे एक मोठा हॉल. फळी भिंतीवर उभी टांगलेली, नाक वर, शेपूट खाली. पुढे जाड दोर. संग्रह सांभाळणारी बाई आम्हाला भेटायला आली, माझ्याच वयाची, अगदी गोड बोलणारी. मी तोंड उघडणार तेवढ्यात बाबा तिला इंग्रजीत म्हणाले, "मी चुकलो होतो."

मी म्हटलं, झालं! आता हा माणूस माफी मागून घरी जाणार.

पण ते सांगू लागले. त्यांच्या घरी खेळण्याला रंग द्यायच्या आधी लाकडावर पेन्सिलीने श्री लिहायची पद्धत होती. वर रंग चढला की तो आत झाकला जायचा, कुणाला दिसायचा नाही. पहिली फळी घासून तयार झाली तेव्हा त्यांनी हातासरशी तसाच श्री लिहिला. लिहायचा तो डोक्याकडे. आता डोकं कुठलं? कोकणातल्या होडीचं निमुळतं टोक पुढे असतं, म्हणून त्यांनी निमुळतं टोक वरचं धरलं आणि तिथे लिहिला. फळीचं मात्र उलटं निघालं. रुंद बाजू म्हणजे नाक, आणि निमुळती ती शेपूट. शेपटाखालचा माशासारखा पर अजून बसवलेला नव्हता, मग शेंडाबुडखा कळणार कसा? तोवर त्यांनी कुणाला लाटेवर फळी चालवताना पाहिलंसुद्धा नव्हतं. आणि वर रंग चढेल म्हणून निर्धास्त होते, तर चढली फायबरग्लासची पारदर्शक काच.

बाईने पाटीकडे बघितलं, श्रीकडे बघितलं, मग वही काढून लिहायला लागली. तिच्या चेहऱ्यावरूनच मला कळलं, की नम्रतेची कथा खलास! ही चूक कोकणातल्या माणसाशिवाय कोण करणार होतं? मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

तेवढ्यात बाबा दोराखालून हात घालून वाकले. गुडघे दुखतात त्यांचे, तरी पार खाली वाकले. उजव्या हाताची बोटं त्या श्रीवर टेकवली.

"प्लीज डोन्ट टच, सर!"

कोपऱ्यातला राखणदार होता, निळ्या जॅकेटातला. बाबांनी चटका बसावा तसा हात मागे घेतला. "सॉरी, सॉरी," म्हणाले, आणि दोन पावलं मागे सरले. कुणी न सांगता मागे सरले! दार असतं तर ओढूनही घेतलं असतं.

मग मात्र माझा तोल गेला. मी काय काय बोलले ते मला नीट आठवत नाही. ज्याने ती घडवली त्यालाच हात लावू नको म्हणता, लाज वाटत नाही का, एवढं नक्की बोलले. हॉलमधली माणसं वळून बघू लागली. एका आईने आपल्या मुलांना बाहेर नेलं. राखणदार लालबुंद झाला, बाई माफी मागत राहिली. बाबा माझी बाही ओढत होते, "अगो, हळू." मी हळू झाले नाही. साठ वर्षांचं साचलेलं होतं, आणि ते माझं नव्हतं म्हणूनच मला आवरता आलं नसेल. 

सहा आठवड्यांनी पत्र आलं. आम्ही पाटी बदलतो आहोत. निर्माता म्हणून तुमच्या वडिलांचं नाव येईल, अध्यात्माचा मजकूर काढू, मसुदा सोबत जोडला आहे. मी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या ओरडले. मुलीला फोन केला, ती रडायलाच लागली. बाबा काचेच्या खोलीत, कॉन्झर्व्हेटरीत बसून यादी करत होते. त्यांना मसुदा वाचून दाखवला, त्यांच्या नावापाशी थांबून पुन्हा वाचला.

"आणि श्री?" त्यांनी विचारलं.

"त्याचं काय?"

"फळी फिरवणार का? शेपूट वर करून?"

मी पत्र चाळलं. तसं काहीच नव्हतं. त्याच दिवशी फोन लावून विचारलं. बाई म्हणाली, ते मात्र शक्य नाही, सर्फबोर्ड नाक वर करूनच टांगतात, लोकांना वाटेल आम्ही चुकलो.

बाबांना सांगितलं. ते मान हलवत राहिले.

"मग माझं नाव नको."

"बाबा! अहो, एवढं सगळं ज्याच्यासाठी केलं–"

"ऐक. फळी तयार झाली त्याच्या पुढच्या रविवारी मालक आम्हाला समुद्रावर घेऊन गेला. मला वाटायचं, लोक त्यावर पालथे पडून पोहत असतील. डोकं असेल तिथे श्री, बरंच की. तर शेडमधला एक पोरगा ती घेऊन पाण्यात गेला आणि उभा राहिला. उभा! मागचा पाय शेपटावर. परत आल्यावर बघितलं, ओली टाच बरोबर श्रीवर." त्यांनी यादीवरची पेन्सिल खाली ठेवली. "मी मालकाला म्हटलं, तासून काढतो. तो म्हणाला, काच चढली, विकली गेली. माझ्या वडिलांनी खेळण्यांवर लिहिला, देव्हाऱ्यांवर लिहिला, पण पाटावर कधी नाही. माणूस त्यावर बसतो म्हणून. आणि मी तो लोकांच्या पायाखाली घातला. इतकी वर्षं कुणाला माहीत नव्हतं, कुणी केलं ते. आता तू खाली माझं नाव घालणार, म्हणजे त्यांचंही."

आमचं नाव तसंच असतं, आधी स्वतःचं, मग वडिलांचं, मग आडनाव. त्यांच्या नावात मधे आजोबांचं नाव होतंच. पूर्ण नाव हवं, असं ईमेलमध्ये मीच अट्टाहासाने लिहिलं होतं.

 इतके दिवस मी ज्याला भित्रेपणा समजून चिडत होते, ती शरम होती. बापाने ती एकट्याने सांभाळली, आणि मी ती भर हॉलमध्ये ओरडून मिळवलेल्या पाटीवर लावायला निघाले होते. चीड अजून होती, पण कुणावर काढायची ते कळेना.

"त्यांना लिहितेस ना?" बाबांनी विचारलं, आणि यादीचा कोरा अर्धा भाग फाडून माझ्याकडे सरकवला.

मी लिहायला घेतलं. तीन महिने भांडून मिळवलेलं नाव काढून टाका, असं लिहायचं होतं. बाबा शेजारी बसून बघत होते.

"वर श्री लिही आधी," ते म्हणाले.