त्या सकाळी बांधावरून हाक कोणी दिली?

गेल्या दिवाळीत, भाऊबीजेच्या संध्याकाळी, माझ्या हिरामावशीला गावकीने वाळीत टाकलं. आरोप काय, तर भरतीबरोबर आत येणाऱ्या मासळीसाठी तिने खाडीचा बांध फोडला. साफ खोटं. मी तिथे होते.

आणि हो, भूतखेत मी मानत नाही. त्याविरुद्ध पत्रकं लिहिलीत, पेणच्या स्टँडवर उभी राहून वाटलीत. म्हणूनच पुढचं लिहायला इतके महिने गेले...

आम्ही रोह्याचे. दिवाळीच्या सुट्टीत आई आणि मी मावशीकडे जातो. पेणजवळच्या गडबहून खाडीकडे उतरलं की तिचं गाव. नाव मुद्दाम देत नाही. एकीकडे खाडी, दुसरीकडे भातशेती, मधे मातीचा बांध. बांध फुटून खांड पडली की खारं पाणी शेतात, आणि जमीन वर्षानुवर्षं नापीक. म्हणून तिथली रीत आहे — खांड दिसेल त्याने हाक द्यायची, ऐकेल त्याने हातातलं टाकून धावायचं.

भाऊबीजेच्या सकाळी मी पक्षी बघायला निघाले. मावशीचं भात कापणीला आलं होतं, ते बघायला ती आणि आईही सोबत आल्या.

"काय गो, बगला बघाला दुर्बीण लागते तुला?" मावशी.

"पक्षी तरी बघते," आई म्हणाली. "मुलगा दाखवला की मान वर करत नाही."

भरती चढायला लागली होती. लांब बांधाच्या पायथ्याशी तुतवारांचा थवा चरत होता. तुतवार भलते बुजरे, माणूस दिसला की उडालेच. मी दुर्बीण लावली आणि... थव्याच्या मधोमध एक माणूस. गुडघाभर चिखलात, उघडा, डोक्याला फडकं. चिखलाचे गोळे उचलून बांधावर मारत होता. तुतवार त्याच्या पायांशी चरत होते. एकही उडत नव्हता!

मी दुर्बीण मावशीकडे दिली. तिने नीट बघितलं. "हा आपल्या गावचा नाय गो," एवढंच म्हणाली.

तेवढ्यात बांधावरून हाक आली. पुरुषाची, भरदार — "धावाऽऽ! खांड परलीऽऽ!"

आम्ही धावलो. थवा उडाला तो आम्हाला बघून. माणूस नव्हता. बांधाला हात जाईल एवढं भोक, अर्धं ताज्या चिखलाने बुजवलेलं. खाली ओल्या चिखलात फक्त पक्ष्यांची पावलं. माणसाचं एकही नाही... मावशीने विचार केला नाही, दोन्ही हातांनी चिखल कोंबायला लागली. आम्हीही.

मग फावडी-घमेली घेऊन गाव आलं. खांड बुजली. सगळ्यांचं भात वाचलं. आणि पुढाऱ्यांपैकी एकजण मावशीचे चिखलाचे हात बघून म्हणाला, "मासल्यांसाठी फोरलास ना? सापरलीस!"

संध्याकाळी बैठक. मी उभी राहिले. "हाक आली तेव्हा मावशी माझ्याजवळ, खांडीपासून लांब होती. तुम्ही सगळे हाक ऐकून आलात. ती बाईची होती का पुरुषाची?"

एक म्हातारे हळूच म्हणाले, "हाकेचा विषय काढू नको, पोरी."

म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं! त्या वेळी बांधावर गावचा एकही पुरुष नव्हता, हे एकमेकांना विचारून झालं होतं. हाक मान्य केली तर ती कोणाची, हे सांगावं लागलं असतं. ते जमेना, म्हणून मावशी दोषी.

आज तिच्याशी कोणी बोलत नाही. तिचं भात कापायला एक माणूस आला नाही. आई, मी आणि ती, तिघींनीच कापलं. "कापू गो, हात हायेत," म्हणाली. मग बांधाकडे पाठ करून बसली.

तो माणूस कोण, पाऊल का उमटलं नाही, पक्षी का उडाले नाहीत — माझ्याकडे उत्तर नाही. आजही नाही. पण हाक होती. न दिसलेल्याला भिऊन जिवंत बाईला वाळीत टाकता?

हे वाचणाऱ्यांत त्या गावचे आहेत, मला माहीत आहे. त्या सकाळी तुम्ही फावडं उचलून धावलात. कोणाची हाक होती ते सांगू नका. पुढच्या बैठकीत उभे राहा आणि एवढंच म्हणा — ती हिराची नव्हती.