विमान परत वर गेलं, पाशाभाई खाली अडकले

शिरूर कासारात पाशाभाईंचं पंक्चरचं दुकान आहे. गावातली कोणतीही बातमी आधी तिथं हवा भरून घेते, मग पुढं जाते. त्या दिवशी मात्र बातमी खुद्द पाशाभाईंच्या घरचीच होती. टीव्हीवर सकाळपासून एकच चाललं होतं: एका मोठ्या विमानतळावर धावपट्टीवर एक विमान असताना दुसरं त्याच्या अंगावर उतरायला निघालं होतं. ऐनवेळी ते परत वर गेलं, कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पण तिथल्या मनोऱ्यातून विमानांना वाट देणाऱ्यांत पाशाभाईंची लेक अदिबा होती, आणि तिचा फोन लागत नव्हता.

शिरूरची रीत अशी की अशा वेळी माणसाला एकटं सोडत नाहीत. बरं झालं की वाईट, हे ठरायच्या आधीच लोक समाचाराला येतात. हरिबा धनगर मेंढरं वेशीबाहेर सोडून आला आणि जुन्या टायरवर बसला. ऊस वाहणाऱ्या बजरंगनं ट्रॅक्टरची ट्रॉली दारातच आडवी लावली. मागून निम्मी गल्ली आली. पाशाभाईंना मागं जाऊन पुन्हा फोन लावून बघायचा होता. पण समाचाराला आलेल्यांतून उठायचं नसतं, आणि उठायला जागाही उरली नव्हती.

"कावून सोडलं असंल एकाला दुसऱ्याच्या अंगावर?" बजरंग म्हणाला. "आमी कारखान्यावर पुढची गाडी हालल्याबगर मागची घालत न्हाई."

"माझ्या मेंढरांत घातली व्हती की बे," हरिबा म्हणाला.

अदिबा सुट्टीला आली की घरात कुणाला नुसतं 'हो' म्हणू देत नसे. सांगितलेलं जसंच्या तसं म्हणून दाखवायचं. विमानवाल्यांत तसंच असतं म्हणे. "चहात साखर कमी" असं उलट म्हटल्याशिवाय तिच्या आईला गॅस पेटवता येत नसे. पाशाभाई आधी कुरकुरले, मग त्यांनाही ती खोड जडली. गिऱ्हाइकाला ते दरडावत, "मागचं डावं चाक. म्हण!"

फोन वाजला. सगळ्यांनी माना पुढं काढल्या. हातोड्यापायी पाशाभाईंचे कान गेलेले, म्हणून फोनचा आवाज कायम चढा.

"अब्बा, मी ठीक आहे. चौकशी होईपर्यंत मला कामावरून बाजूला केलंय. गावात कुणाला सांगू नका. म्हणून दाखवा."

पाशाभाईंनी सवयीनं, खड्या आवाजात म्हणून दाखवलं. "तू ठीक हाय. चौकशी होईस्तोर तुला कामावरून बाजूला केलंय. गावात कुणाला सांगायचं न्हाई."

गावानं ऐकून घेतलं.

"जवळ कुणी आहे का?"

पाशाभाईंनी समोर पाहिलं. समोरून सगळ्यांनी एकदम 'नाही' म्हणून माना हलवल्या. "न्हाई बेटा. एकलाच हाय."

झालं! आता सुटका कुणाचीच नव्हती. पडली, डोकं फुटलं तरी न रडणारी पोरगी रडायला लागली.

"उतरलेल्या विमानाला मी पहिल्या वळणावर बाहेर पड म्हटलं. उत्तर तुटक आलं. मागं रांग लागलेली. मी परत म्हणून घेतलं नाही, अब्बा. तो वैमानिक वळण सोडून तसाच पट्टीवरून पुढं गेला. मागचा अगदी जवळ आलेला. मी ओरडले, उतरू नको, वर जा."

बजरंगची बिडी बोटांपर्यंत जळत आली, पण तो हलला नाही. हरिबाला खोकल्याची उबळ आली. त्यानं पटक्याचा सोगा तोंडात कोंबला आणि डोळे पांढरे केले.

"मला परत त्या खुर्चीवर बसवतील का?"

झिजलेला टायर नवा म्हणून गळ्यात मारणारे पाशाभाई, पण लेकीला खोटं सांगायला जीभ वळेना. "मला काय ठावं, बेटा. दोन्ही विमानांतली माणसं घरी गेली का?"

"गेली."

"मंग तूबी ये."

"उद्या येते. पण कुणाला दिसायचं नाहीये मला. खरंच."

"कोणी न्हाई दिसायचं," पाशाभाई म्हणाले, आणि फोन ठेवला.

हरिबानं सोगा काढला, पोटभर खोकला. मग डोळे पुसत म्हणाला, "पाशाभाई, कोणत्या एष्टीनं येती?"

"कावून?"

"पोरीला स्टँडवर कोणी दिसाया नको. आमी समदे जाऊन उभं ऱ्हातो. एकाला फिरकू देत न्हाई."

"ट्रॉली घेतो," बजरंग म्हणाला. "लई लोक बसतेत."

पाशाभाईंनी कपाळावर मारून घ्यायला हात उचलला, पण दोन्ही बाजूंनी माणसं इतकी खेटून बसली होती की तो वर येईना.