नाकतोड्याचे ब्रेक

सहादेव मिस्त्रीच्या हाताखालून गेलेली गाडी उतारावर थांबते म्हणजे थांबते, अशी त्याची नगरमध्ये ख्याती होती. स्टेशन रोडच्या कडेला त्याचं पत्र्याचं गॅरेज. मूळचा पारनेरकडचा माणूस, बोलायला कमी, कामाला वाघ. श्रीगोंद्याच्या उसाच्या ट्रकांपासून दुष्काळातल्या पाण्याच्या टँकरपर्यंत सगळ्यांचे ब्रेक त्याच्याकडे यायचे. आणि अशा या माणसाची बायको मुक्ताबाई, नवरा चालवत असेल त्या गाडीत पाय ठेवत नसे. भावाकडे तिसगावला जायचं तर ती एसटीनं जाई. ती पिशवी घेऊन स्टँडकडे निघाली की नवरा गॅरेजच्या दारात हात पुसत उभा असायचा. शेजारचे दुकानदार त्याला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायचे, "दिव्याखाली अंधार." सहादेव ऐकून घ्यायचा. खोटं थोडंच होतं!

झालं होतं ते करंजीच्या घाटात. तीन-चार वर्षांमागची गोष्ट. इंजिनाच्या कामाला आलेली कुणाचीशी जीप घेऊन सहादेव चाचणीला निघाला होता आणि वाट तिकडचीच म्हणून मुक्ताबाईला माहेरी सोडायला बरोबर घेतलं होतं. काम इंजिनाचं, म्हणून ब्रेककडे त्यानं पाहिलंच नव्हतं. घाटाच्या मधल्या वळणावर तेलाची नळी फुटली आणि पायाखालचा ब्रेक पार तळाला गेला. सहादेवनं जीप डोंगराच्या अंगाला घासत घासत नेली आणि थांबवली. खरचटण्यापलीकडे कुणाला काही झालं नाही. सगळ्या नगरानं त्याची वाहवा केली, बायकोला वाचवलं म्हणून. मुक्ताबाई फुटलेल्या बांगड्यांसकट खाली उतरली, करंजीपर्यंत पायी गेली आणि तिथून एसटीत बसली.

"वाचवलं म्हनं," ती नंतर एकदाच म्हणाली. "बुडवायला कोन निघालं हुतं?"

पुढे एकदा न राहवून सहादेवनं विचारलं होतं, "एश्टीचा डायवर कोन कुटला, त्याचं तोंड तरी तू बगितलंय का? त्याच्या गाडीत बरी बसतीस."

"त्याच्या मागं डेपो हाय. गाडी सुटायच्या आदी चार मानसं तिच्याखाली शिरून बगत्यात. तुमच्या मागं कोन हाय?"

त्या दिवसापासून सहादेवनं विषय काढला नाही. पण माणूस गप्प बसला म्हणजे मनातून काढून टाकलं असं होत नाही.

मग त्याला ती गाडी मिळाली. भिंगार कॅम्पात एका बंगल्यामागे, गोरा साहेब मायदेशी जाताना सोडून गेलेली. दोनच माणसांची, बिनटपाची, लांबलचक नाकाची शर्यतीची गाडी. तिच्यात कोंबड्या अंडी घालत होत्या. बंगल्याचा नवा मालक म्हणाला, घेऊन जा बाबा, जागा तरी मोकळी होईल. सहादेवनं ती ओढत गॅरेजात आणली, आणि फावल्या वेळात तिचं इंजिन, तिची गादी, तिचा पत्रा असं एकेक करत तिला जिवंत केलं. हिरवा रंग दिला. लांब नाक आणि हिरवा रंग बघून फक्रुद्दीननं तिचं नाव ठेवलं नाकतोडा, आणि सगळ्या रस्त्यानं ते उचललं.

फक्रुद्दीन हा सहादेवचा दोस्त. दिवसा नागापूरच्या कारखान्यात लेथ चालवायचा, सुट्टीला गॅरेजात. तोंडाचा फटकळ, पण हातात कला.

नाकतोडा पळायला लागला तेव्हा कळलं, त्याला थांबता येत नाही. ब्रेक जुन्या काळचे, तारेचे. चार चाकांना चार तारा, आणि वाटणीला बसलेल्या भावांसारख्या चौघींची ओढ चार दिशांना. एक चाक धरे, दुसरं सैल, गाडी आपली रस्ता सोडून बाभळीकडे. सहादेवनं ठरवलं, तारा काढायच्या आणि जीपचे तेलाचे ब्रेक बसवायचे. जीपचे ड्रम या चाकांना बसेनात, तेव्हा फक्रुद्दीननं लेथवर मधल्या चकत्या कातून दिल्या. तांब्याच्या नव्या नळ्या वाकवल्या. पायाने दाबलेलं तेल चाकापर्यंत ढकलणाऱ्या छोट्या रबरी वाट्या पुण्याहून मागवल्या.

"एवढं कशापायी?" फक्रुद्दीन म्हणाला. "शर्यतीला जायचंय का?"

"तिसगावला जायचंय," सहादेव म्हणाला.

फक्रुद्दीन काय समजायचं ते समजला. गाडीला जागाच दोन. एक चालवणाऱ्याची. दुसरीवर कोण हे सहादेवनं कधीच ठरवलं होतं. ती बसणार का, एवढंच बाकी होतं.

अशात दसरा आला. दोन-तीन कोरड्या सालांनंतर त्या वर्षी, म्हणजे त्र्याहत्तर साली, पाऊसपाणी बरं झालेलं, माणसांत जीव आलेला. खंडेनवमीला गॅरेजातली हत्यारं पुजायची, त्या दिवशी कुणी पान्याला हात लावायचा नाही, ही रीत. आदल्या दिवशी सगळं धुऊन लख्ख करायचं काम दरसाल मुक्ताबाईचं. रेशनच्या रॉकेलमधून ती त्यासाठी थोडं बाजूला ठेवायची. प्रसंगी घरातली चिमणी लवकर विझवायची, पण हत्यारं रॉकेलनंच धुवायची. पाने, हातोड्या, कानशी, पकडी धुऊन झाल्या आणि तिला कागदाच्या पुडीत त्या रबरी वाट्या दिसल्या. काहीतरी चिकट फासलेलं होतं. तिनं त्याही रॉकेलात बुडवून बोटानं खसखसून धुतल्या, पुसल्या, पाटावर ओळीनं मांडल्या. दुसऱ्या दिवशी त्यांना हळद-कुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, झेंडू ठेवला.

सहादेव हात जोडायला वाकला आणि त्याला कुंकू लावलेल्या वाट्या दिसल्या. घाटातल्या त्या दिवसानंतर पहिल्यांदाच मुक्ताबाईनं त्याच्या ब्रेकच्या सामानाला आपणहून हात लावला होता. माणसाला इतका आनंद झाला, इतका, की कशानं धुतल्या हे विचारायचं त्याला सुचलंच नाही. एरवी दुसऱ्या कुणी त्या वाट्यांवर नुसतं बोट ठेवलं असतं तरी तो खेकसला असता.

दसरा उलटल्यावर त्यानं अक्षता झाडल्या, फडक्यानं वाट्या पुसल्या आणि बसवल्या. तेल भरलं. फक्रुद्दीननं रोजा असतानाही पायानं ब्रेक मारून दिला, सहादेवनं नळ्यांतली हवा काढली. आवारात गाडी फिरवून पाहिली तर जागच्या जागी उभी राहिली. त्या दिवशी घरी जेवताना तो म्हणाला, "भाऊबीजेला नाकतोड्यातनं जाऊ."

मुक्ताबाई भाकरी थापत होती. ती म्हणाली, "बगू."

'न्हाई'वरून 'बगू'वर यायला तिला इतकी वर्षं लागली होती. सहादेव त्या दिवशी एक भाकरी जास्त जेवला.

पण घोड्यानं पेंड खायची ती खाल्लीच. चार दिवसांनी तो आणि फक्रुद्दीन नागापूरपर्यंत चक्कर मारायला गेले. येताना गाडी जड व्हायला लागली. आधी थोडी, मग फारच. चाकांतून वास यायला लागला आणि ऐन रस्त्यात नाकतोडा असा बसला की दोघांनी ढकलूनही हलेना. चारही ब्रेक घट्ट आवळलेले, सुटायचं नाव नाही. निवल्यावर जरा सैल झाले, तेव्हा बैलगाडीच्या मागे दोर बांधून गाडी आणली. रस्त्यावरच्या लोकांना दिवाळीआधीच दिवाळी झाली. "मिस्त्री, ब्रेक लईच पक्कं झालं बरं का!" असं जो तो ओरडत होता.

खोलून पाहिलं तर वाट्या भिजत घातलेल्या हरभऱ्यासारख्या फुगलेल्या. दाबलेलं तेल परत यायला वाटच उरली नव्हती. फक्रुद्दीननं एक उचलून नाकाशी धरली.

"रॉकेल! सहादेवभाऊ, रबराला रॉकेल कुनी पाजलं?"

"माझ्याच हातनं झालं," सहादेव म्हणाला.

फक्रुद्दीननं त्याच्याकडे बघितलं. सहादेव मिस्त्री रबर रॉकेलात धुईल हे त्याला कुणी कुराणावर हात ठेवून सांगितलं असतं तरी पटलं नसतं. पण पाटावरची पूजा त्यानंही पाहिली होती. फटकळ तोंडाचा तो माणूस वाटी खाली ठेवून पुढचं चाक खोलायला लागला.

घरी सहादेवनं सांगितलं, पुण्याचा माल खराब निघाला. मुक्ताबाईला पटलंही असतं. पण सकाळी सदरा धुवायला घेतला तर खिशात एक वाटी निघाली, आणि तिच्या खाचेत बारीकशी लाल रेघ होती. कुंकू खाचेतून जात नाही. ती वाटी घेऊन नवऱ्यासमोर आली.

"ही मी पुजलेली ना?"

"व्हय."

"मंग खराब कशानं झाली?"

सहादेवनं सरळ सांगितलं. "रबराला रॉकेल चालत न्हाई. फुगतं."

मुक्ताबाईनं वाटी पुन्हा उलटसुलट करून पाहिली. "आन घाटात झालं आसतं तर?"

"तुला कुनी सांगितलं न्हवतं. चूक माजी हाय. मी इचारलं न्हाई."

"मला बोलला का न्हाईत?"

"तू हात लावला हुतास," सहादेव म्हणाला. "बोललो आसतो तर परत लावला नसतास."

मुक्ताबाईनं वाटी मुठीत धरली. तिला रडू आलं, आणि आपण कशासाठी रडतोय हे तिला नीट कळत होतं. नवऱ्यानं एकदा ब्रेक पाहिला नाही, म्हणून तिनं इतकी वर्षं त्याच्याशी अबोला धरावा तसा एसटीचा रस्ता धरला होता. आणि आज भक्तिभावानं धुणाऱ्या तिच्या हातून तेच झालं, तर तो चूक स्वतःच्या अंगावर घेऊन मोकळा झाला होता. तिला त्याचा राग आला, लाज वाटली आणि मायाही आली, सगळं एकदमच.

नव्या वाट्या आल्या तेव्हा ती स्वतः गॅरेजात गेली. "आता कशानं धुयाच्या ते सांगा," म्हणाली. ब्रेकच्याच तेलात, असं त्यानं सांगितलं. तिनं त्या बशीत तेल घेऊन धुतल्या आणि एकेक करून त्याच्या हातात दिल्या.

त्या साली दिवाळी आणि ईद अगदी पाठोपाठ आल्या होत्या. हवा काढायला दुसरं माणूस लागतं, एकानं ब्रेक दाबायचा आणि एकानं चाकापाशी बसायचं. फक्रुद्दीन ईदच्या गडबडीत, बाजारहाट आणि पाहुणे. भाऊबीज तोंडावर. सहादेव डोकं खाजवत उभा होता.

"मी दाबते," मुक्ताबाई म्हणाली. मग गाडीकडे बघून तिनं विचारलं, "जानार न्हाई ना कुटं?"

"विटांवर हाय. चाकं बी काढल्यात."

लुगडं सावरून ती नाकतोड्यात चढली आणि चालवणाऱ्याच्या जागेवर बसली. सहादेव मागच्या बाजूला खाली शिरला.

"दाब."

"दाबलं."

"धर." पान्याचा आवाज, तेलाचे बुडबुडे. "आता सोड."

सुरुवातीला ब्रेक शेणात पाय जावा तसा खाली जात होता. दाब, धर, सोड. एका चाकाचं झालं की दुसरं. मुक्ताबाईला लय सापडली, नवऱ्याचा शब्द यायच्या आत तिचा पाय तयार असे. शेवटच्या चाकाला ती एकदम ओरडली, "अवं, दगड लागला! पायाखाली दगड लागला!"

"झालं मग," सहादेव गाडीखालून म्हणाला. "उतर."

ती उतरली नाही. पाय तसाच दाबून धरून म्हणाली, "आदी बगा, कुटं गळतंय का." त्यानं चारही ठिकाणी बघितलं. मग ती उतरली, आणि स्वतः वाकून प्रत्येक नळीच्या जोडावर बोट फिरवलं. बोट कोरडं निघालं.

भाऊबीजेच्या सकाळी मुक्ताबाईनं करंज्यांचा डबा बांधला. सहादेवनं गाडी रस्त्यावर काढून ठेवली होती, पण चल म्हणायचा धीर त्याला होत नव्हता. ती पिशवी घेऊन बाहेर आली. स्टँडच्या दिशेला वळलीच नाही. पिशवी कट्ट्यावर ठेवली, ठेवणीतलं लुगडं खोचलं आणि खाली वाकून एकेक चाकाच्या आतून बोट फिरवून आली. समोरचा दुकानदार तराजू हातात धरून बघत राहिला.

सहादेवला आता थट्टा सुचली. "एश्टीच्या मागं डेपो आसतो म्हनं. आपल्या मागं कोन हाय?"

"डेपोनं बगितलीया," मुक्ताबाई म्हणाली आणि शेजारच्या जागेवर जाऊन बसली. "चला आता. भाऊ वाट बगत आसंल."

रस्त्यानं वारं होतं, तिनं पदर कानामागे घट्ट बांधला होता. घाट सुरू झाला. मधलं वळण दिसायला लागलं. डोंगराला जीप घासल्याची खूण काही राहिली नव्हती, पण जागा दोघांनाही ठाऊक होती. सहादेवनं पाहिलं, बायकोचा उजवा पाय पुढच्या पत्र्यावर गच्च रोवलेला होता.

"दाबा," ती म्हणाली.

त्यानं दाबला. नाकतोडा मऊपणे हळू झाला.

"धरा." वळण सरलं. "आता सोडा."

त्यानं सोडला. तिचा पायही पत्र्यावरून उचलला गेला. खाली करंजीची घरं दिसत होती. पुढचं वळण साधं होतं, ब्रेकची तशी गरजही नव्हती. तरी सहादेवनं वेग उतरवला, आणि पाय ब्रेकवर ठेवून तिचं "दाबा" यायची वाट पाहिली.