चिमण्यांच्या बाई

माझ्या बायकोच्या आत्यांनी उभ्या आयुष्यात एकही चूक केलेली नाही. ही माहिती त्यांनी स्वतःच दिलेली असून तिला कुणी आव्हान दिल्याचे ऐकिवात नाही. आत्या पिंपळगाव राजाला राहतात. तिथल्याच शाळेत गणित शिकवून त्या निवृत्त झाल्या. निम्मे गाव त्यांच्याकडे पाढे शिकले आहे, त्यामुळे निम्मे गाव आजही त्यांच्याशी बोलताना उत्तर चुकेल या भीतीने अडखळते. एकदा त्या आमच्याकडे बुलढाण्याला यायला निघाल्या आणि खामगावच्या स्टँडवर शेगावच्या एसटीत बसल्या. शेगावला उतरून त्यांनी दर्शन घेतले, प्रसाद घेतला आणि मला फोनवर कळवले की आधी शेगावला जायचे ठरलेच होते, फक्त मला सांगायचे राहून गेले.

शाळा सुटली तरी मुले सुटली नाहीत. फाल्गुन लागला की गल्लीतली सगळी पोरे आत्यांच्या ओसरीवर जमतात आणि चिमण्यांना घरटी बांधायला मदत करतात. ओसरीच्या आढ्याला मडकी टांगलेली असतात, चपलांचे खोके असतात, आणि एका खिळ्याला जाळीची पिशवी. चिमण्यांनी त्या पिशवीतून चोचीने ओढून न्यावे म्हणून तिच्यात सामान भरायचे असते. खामगावच्या रस्त्याने कापसाच्या गाड्या गेल्या की कडेच्या बाभळींच्या काट्यांना कापूस अडकून राहतो. तो मुलांनी वेचून आणायचा. मंदिरातून नारळाच्या शेंड्या आणायच्या. सामान पिशवीत टाकण्याआधी प्रत्येकाने एक पाढा म्हणायचा, हा आत्यांचा नियम. एका मुलाने एकदा धीर करून विचारले, की चिमणीले एकोणतीसचा पाढा कायले पायजे? आत्या म्हणाल्या, "चिमणीले नाही पायजे. तुले पायजे, बे."

या दिवसांत त्यांच्या घरी जाणे हे जावयाच्या सहनशक्तीचे काम आहे. चिमण्या बैठकीच्या खोलीतूनही ये-जा करतात, म्हणून आत्या फाल्गुनातच पंख्याचे पाते सुतळीने बांधून टाकतात. जावई म्हणून मला पुरणपोळी मिळते, टॉवेल-टोपी मिळते, वारा मात्र मिळत नाही. पहिल्या वर्षी मी दुपारभर वहीच्या पुठ्ठ्याने वारा घेत बसलो, तेव्हा त्यांनी मोकळेपणाने सांगितले, "तुमच्यासाठी लावला असता, जावईबापू. पन तुमी दोन रोजाचे. थ्या इथं राह्यतेत."

कापूस आणि काथ्या झाल्यावर मागच्या वर्षी आत्यांना केसांची आठवण झाली. घरट्यात केसांचे मऊ अस्तर बसते, पिलांना सुख वाटते, असे त्यांचे म्हणणे. त्या दारोदार जाऊन बायकांना विंचरलेले केस मागू लागल्या. केस मागायला आलेल्या बाईबद्दल गावात काय वाटते, हे त्यांच्या लक्षात आले नाही. एका शेजारणीने पाणी दिले, बसायला दिले, आणि त्यांच्यादेखत आपले केस चुलीत घातले. राहिलेल्या बायका केसांवर फुगे देणाऱ्या सायकलवाल्याकडे केस देत, आणि मुलांना चिमणी आवडत असली तरी फुगा जास्त आवडत होता. शेवटी पुरवठा उरला तो आत्यांच्या स्वतःच्या वेणीचा. ती कमरेपर्यंत लांब आणि पांढरीशुभ्र आहे. गल्लीत बाकी सगळ्या बायका मेंदी तरी लावतात नाहीतर कलप. आत्यांना ते पटत नाही. बरोबर आलेले उत्तर खोडून कशाला लिहायचे, असे त्या विचारतात.

तर रोज सकाळी त्या वेणी घालीत आणि फणीत आलेला गुंता पिशवीत ठेवीत. चौथीतल्या आरोहीने तो हातात घेऊन पाहिला आणि विचारले, "बाई, याच्यात पिलाचा पाय नाही गुतणार?" आत्यांनी तिला सांगितले की चिमणी तिच्यासारखी येंधळी नसते. सगळी मुले हसली. आरोहीही हसली, पण उशिरा.

चैत्रात आम्ही गेलो होतो तेव्हाची गोष्ट. सकाळी ओसरीवर चिमण्यांचा नेहमीपेक्षा वेगळा कालवा ऐकू आला. मडक्याच्या तोंडाशी एक पिलू एका पायाने उलटे लोंबकळत होते आणि पंख आपटीत होते. मुले खाली उभी. मी स्टूल धरले, आत्या चढल्या, त्यांनी मडक्यासकट पिलू खाली आणले आणि नखे कापायच्या कात्रीने पायाचा फास तोडला. तुटलेला केस त्यांच्या बोटाला गुंडाळून राहिला. तो लांब होता आणि पांढरा होता.

मुलांनी केसाकडे पाहिले, मग आरोहीकडे. आरोहीने चपला पायात घातल्या आणि ती घरी गेली. एकेक करून बाकीचीही गेली. शेगावची एसटी मला ठाऊक होती, त्यामुळे मी आत्यांच्या खुलाशाची वाट पाहत होतो. खुलासा आला नाही. त्यांनी पिलू मडक्यात ठेवले, मडके टांगले, पिशवीतला गुंता काढून घेतला. दुपारी त्या जेवल्या नाहीत. संध्याकाळी पोरे यायची वेळ झाली, टळली, तरी ओसरी रिकामीच. बायकोने समजूत घातली, की उद्या येतील. आत्या म्हणाल्या, "कायले येतीन? म्या सांगलं थे खरं, असं समजून येत होते." मग चपला शोधत मला म्हणाल्या, "चला, जावईबापू."

आरोहीचे घर गल्लीच्या टोकाला. तिची आईही आत्यांची विद्यार्थिनी. बाई स्वतः दारात आलेल्या पाहून ती घाबरली, खुर्ची घेऊन धावत आली आणि विचारू लागली, की पोरीचे काही चुकले का.

"हिचं नाही," आत्या म्हणाल्या. त्या बसल्या नाहीत. "आरोही, तू पायाचं इचारलं होतं. म्या तुले येंधळी म्हटलं. तुह्यं उत्तर बरोबर होतं. माह्यं चुकलं."

आईच्या हातातली खुर्ची तशीच हातात राहिली. आरोही मात्र जेवत होती. तिने घास गिळून एवढेच विचारले, की पिलू जिवंत आहे का.

"जितं हाय. पाय वाकडा राह्यीन, असं दिसते."

आरोहीने विचार केला. "मंग उडता येईन न, बाई. उडाले पाय कुठं लागतेत?"

दुसऱ्या दिवशी मुले आली. पिलू काही दिवसांनी उडून गेले, असे फोनवर कळले.

यंदाच्या चैत्रात पुन्हा जाऊन आलो. पंखा बांधलेलाच आहे. पाढ्यांचा नियमही कायम आहे. मात्र बोटापेक्षा लांब केस किंवा दोरा आता पिशवीत जात नाही, आणि मापाला बोट आरोहीचे धरले जाते. वेणी झाली की आत्या फणीतले केस कापून तिच्यापुढे नेतात आणि उभ्या राहतात. ती एकेक केस बोटाला लावून पाहते. माझ्यासमोर तिने एक झुबका परत केला आणि पुन्हा कापून आणायला सांगितले. आत्या मुकाट्याने आत गेल्या आणि कात्री घेऊन आल्या.

दुपारी आम्ही ओसरीवर बसलो होतो. समोरच्या तारेवर एक चिमणी येऊन बसली, एक पाय पोटाशी घेऊन. आत्या म्हणाल्या, हे तेच पिलू. मी म्हणालो, विसाव्याला बसलेली कुठलीही चिमणी एक पाय पोटाशी घेते. ही दुसरीच असेल. एरवी यावर मला सगळी सिद्धता ऐकावी लागली असती. आत्यांनी पुन्हा एकदा तारेकडे पाहिले.

"असंन," त्या म्हणाल्या.

मग उठल्या, पाण्याचे मातीचे ताट उचलले आणि अंगणात, बरोबर त्या चिमणीच्या खाली नेऊन ठेवले.