येलदरीच्या उतारावर सांडलेला चीक

रस्त्यावर नातीच्या डोक्याजवळ पांढरं सांडलं होतं. मला वाटलं, मेंदू बाहेर आला. मी रिक्षातून उतरले आणि तिथंच खाली बसले.

रिक्षावाला रशीद पुढं धावला. वाकून बघितलं आणि म्हणाला, "अम्मा, श्वास चालू हाय. पोरीला हलवू नका."

सकाळी आम्ही वालूरहून निघालो होतो. माझी नात अश्विनी सायकलच्या शर्यतीत उतरते. तिनं येलदरी धरणापर्यंत सराव करायचा आणि मी रिक्षातून पाणी घेऊन मागं राहायचं, असं ठरलं. सत्तरी उलटली तरी धरण पाहिलं नव्हतं, म्हणून मीच हट्ट धरला.

तिच्या सायकलीच्या चाकांत ट्यूब नसते. टायर थेट रिंगेवर बसतो आणि आत रुईच्या चिकासारखं पांढरं औषध असतं. वाटेत बाभळीचा काटा घुसला. तिनं उपसला, पांढरा थेंब आला, भोक बुजलं, ती पुढं निघाली. मी बघतच राहिले. आमच्या वेळी काटा लागला की सायकल हातानं ढकलत गाव गाठायचं.

जिंतूरला थांबून धपाटे (ज्वारीच्या पिठाचे तिखट थालीपीठ) दह्याशी खाल्ले. अश्विनी हात धुवायला मागं गेली. मी सहज पुढचं चाक अंगठ्यानं दाबलं. मऊ लागलं. आमच्याकडं हवा अंगठ्यानंच बघतात. शेजारीच ट्रकचे टायर बघणारा पंक्चरवाला होता. त्याला बोलावलं.

"मावशी, ह्याला ट्यूबच न्हाई की."

"ठाऊक हाय मला. तू हवा भर."

"किती?"

"अंगठा दबू नये इतकी."

"पोरीला तरी इचारा."

"पोरगी माझीच हाय. भर."

त्याची नळी बसेना, तेव्हा सायकलीच्या पिशवीतली नळी जोडायची पितळी टोपी मीच शोधून दिली. चाक दगडासारखं झालं. मला बरं वाटलं. अश्विनी आली ती घाईतच सायकलवर बसली. हवा भरल्याचं मी तिला सांगितलं नाही.

जिंतूरच्या पुढं टेकड्या आहेत. ऊन चढलं होतं, डांबर तापलं होतं. उतारावर ती आमच्या बरीच पुढं गेली. तेवढ्यात सुतळी बॉम्बसारखा आवाज झाला. टायर रिंगेवरून उडाला, सायकल आडवी झाली आणि अश्विनी लांब फेकली गेली.

रशीदनं त्या पांढऱ्यात बोट बुडवून माझ्यासमोर धरलं. "अम्मा, चाकातलं हाय हे." तेव्हा मला उठता आलं.

जिंतूरच्या दवाखान्यात तिनं डोळे उघडले. पहिलं विचारलं, "हवा कुणी भरली?"

"मी भरून घेतली."

"किती?"

"अंगठा दबेना इतकी."

"आज्जी, ही रिंग तेवढी हवा धरत न्हाई, टायर उडतो. मुद्दाम मऊ ठेवायलेय मी. मला इचारायचं तरी."

पंक्चरवाल्यानंही तेच सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. चूक माझी होती.

धरण न बघताच आम्ही वालूरला परतलो. अश्विनीचं खांद्याजवळचं हाड मोडलं होतं. हेल्मेटचे दोन तुकडे झाले होते. ती जगली.