गेंड्याच्या तोंडातले बाईंचे दात

कवळी बनवणाऱ्या माणसाचं नाव जगाला कळत नाही. नाव होतं ते दातांच्या डॉक्टरचं. कारागिराची आठवण निघते ती कवळी टोचायला लागली की, आणि तेवढ्यापुरतीच. आमचे कवळीवाले एकतीस वर्षं या अनामिक अवस्थेत सुखाने काम करत आले. दवाखान्यामागची खोली, एक बर्नर, एक घासायचं यंत्र आणि भिंतभर फळ्या. फळ्यांवर खोक्यांत लोकांच्या दातांचे प्लास्टरचे साचे, प्रत्येकाच्या बुडाशी दाभणाने कोरलेली तारीख. साचा ते कधीच टाकत नसत.

"दहा वर्षांनी कुणीतरी येतं आणि म्हणतं, हे माझे दातच नव्हेत," ते सांगायचे. "तेव्हा मूळ दाखवता आलं पाहिजे."

पन्नाशी उलटल्यावर त्यांना टॅबवर चित्रं काढायचा नाद लागला. पहिला हसरा झेब्रा नेटवर टाकला तो चारशे लोकांना आवडला. त्यांची बायको ग्रंथालयात पुस्तकांच्या नोंदी ठेवायची. तिने चित्र पाहिलं आणि चष्मा कपाळावर चढवला.

"मागचं जंगल कुणाचं?"

"नेटवर होतं."

"आमच्या टेबलावरही पुस्तकं असतात. लोक निदान विचारून नेतात."

तो फोटो कुणी काढला हे शोधण्यात चार दिवस गेले. कवळीवाल्यांनी रीतसर पत्र लिहून परवानगी मागितली. उत्तर आलं, 'विचारणारे तुम्ही पहिलेच, फार बरं वाटलं; पण परवानगी देता येत नाही.' त्याच संध्याकाळी त्यांनी झेब्रा चारशे चाहत्यांसकट उतरवला आणि झाडं स्वतः काढायला शिकले. पहिली दोन वर्षं ती फुलकोबीसारखी दिसत. पण फुलकोबी स्वतःची होती.

पुढचा पेच दातांचा. प्राण्याला हसवायचं तर दात माणसाचे हवेत, आणि दातांच्या बाबतीत त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. साचे समोरच होते. पण साचा आपला असला तरी दात ज्याचे त्याचेच, असं त्यांच्या मनाने घेतलं. कायदा याबद्दल काय म्हणतो हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि विचारायला ते कायद्याकडे गेलेही नाहीत. ते दातांच्या मालकांकडे गेले. कुलपं दुरुस्त करणाऱ्या एकाने जिराफासाठी आनंदाने दात दिले. एका निवृत्त न्यायाधीशांनी मात्र सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि "आम्ही हसत नाही" एवढं सांगून दार लावलं.

गेंड्यासाठी ते भूमितीच्या बाईंकडे गेले. बाईंचा उजवीकडचा दुसरा दात पहिल्यावर चढलेला होता आणि पहिल्याचा कोपरा उडालेला. नऊ वर्षांपूर्वी सगळे दात काढायची वेळ आली तेव्हा बाईंनी कवळीही अगदी तशीच मागितली होती. "सरळ दात लावलेत तर आरशात कोण पाहुणी आलीये असं वाटेल मला." कवळीवाल्यांनी आधी मूळ दातांचा साचा घेतला आणि त्यावरून आयुष्यातली पहिली वाकडी कवळी मोठ्या निष्ठेने बनवली.

बाईंनी परवानगी लेखी दिली, दोन अटींवर : प्राणी शाकाहारी असावा, आणि नाव नको, हुद्दा चालेल. त्याप्रमाणे गेंड्याखाली बारीक अक्षरांत आलं : 'दात : एका शिक्षिकेचे, परवानगीने.' स्वतःचं नाव कवळीवाल्यांनी कुठेच घातलं नाही. कवळीवर कुणी कारागीर सही करतो का?

ही चूक होती. एके दिवशी शुभेच्छापत्रं विकणाऱ्या एका पानावर गेंडा दिसला. खालची ओळ कापलेली, वर 'वाढदिवसाच्या शुभेच्छा.' कवळीवाल्यांनी त्या पानाच्या मालकाला नम्रपणे लिहिलं. उत्तर आलं नाही, तक्रार आली. गेंडा आपला असून या गृहस्थांनी तो चोरला, असं त्या कार्डवाल्याने, कवळीवाले चित्रं टाकत त्या साइटला कळवलं होतं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. सोबत त्याने तीन वर्षांपूर्वीची तारीख टाकलेली फाइलही जोडली होती. कवळीवाल्यांचा गेंडा गेल्या वर्षीचा. साइटने त्यांचं पान झाकलं आणि कळवलं : आठ दिवसांत सिद्ध करा, नाहीतर पान कायमचं बंद.

सहा वर्षांचे त्रेसष्ट प्राणी त्या पानावर होते. पण कवळीवाल्यांना वेगळंच लागलं होतं.

"मी चोर," ते बायकोला म्हणाले. "झेब्रा उतरवला तो मी!"

"सगळ्यांचे हक्क लिहिलेत, स्वतःचा तेवढा विसरलात. आता रडू नका. तुमच्याकडे मूळ आहे ना?"

"फाइल आहे. पण तारीख त्याच्याकडेही आहे. कॉम्प्युटरची तारीख काय, कुणीही फिरवतं."

"मी फाइलबद्दल बोलतच नाहीये," असं म्हणून तिने फळ्यांकडे बोट दाखवलं.

सातव्या दिवशी साइटच्या तपासनीस बाईंनी दोन्ही बाजूंना व्हिडिओवर बोलावलं. कार्डवाला गुळगुळीत दाढीचा, आत्मविश्वास ओसंडून वाहत होता. गेंडा खरं तर याच्या कातडीवरून काढायला हवा होता. तपासनीस बाईंनी त्याला विचारलं, "हा दात असा दुसऱ्यावर चढलेला का दाखवलात?"

"ती माझी कल्पनाशक्ती," तो म्हणाला. "उडालेला कोपराही. कलावंताला असं सुचतं."

कवळीवाल्यांनी बाईंच्या दातांचा साचा कॅमेऱ्यासमोर धरला आणि उलटा केला. बुडाशी नऊ वर्षांपूर्वीची तारीख होती. मग शेजारी बसलेल्या भूमितीच्या बाई खुर्ची ओढून पुढे सरकल्या. चाळीस वर्षांत एकाही विद्यार्थ्याने त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. त्या हसल्या. पडद्यावर एका चौकटीत गेंडा, दुसरीत बाई, आणि दोघांचं हसू एकच.

"बाळ," बाई कार्डवाल्याला म्हणाल्या, "ही तुझी कल्पनाशक्ती मी पंचावन्न वर्षं तोंडात बाळगली. रोज दोन वेळा घासली. तुला कधी सुचली म्हणालास?"

कार्डवाल्याचं नेट नेमकं तेव्हाच गेलं. ते परत आलं नाही.

तपासनीस बाई बराच वेळ माइक बंद करून बसल्या होत्या, पण खांदे हलताना दिसत होते. संध्याकाळपर्यंत त्रेसष्टच्या त्रेसष्ट प्राणी परत आले आणि कार्डवाल्याचं पान गेलं. ही हकीकत भूमितीच्या जुन्या विद्यार्थ्यांमध्ये पसरली, आणि एका आठवड्यात गेंडा अकरा हजार लोकांनी शेअर केला, सगळ्यांनी खालच्या ओळीसकट. चौघांनी तर आधी परवानगी मागितली. बायकोने ती चार पत्रं छापून ग्रंथालयाच्या फलकावर लावली. न्यायाधीशांचाही फोन आला. पाणघोडा काढायचा विचार असल्यास आपली हरकत नाही, असं ते म्हणाले.

मग कवळीवाल्यांनी गेंडा पुन्हा उघडला आणि बाईंच्या ओळीखाली, बत्तीस वेळा खोडून, आयुष्यातली पहिली सही केली. बाईंनी ती चष्मा पुढेमागे करून तपासली.

"रेघ सरळ नाही."

"बदलू?"

"खबरदार. तुमची आहे म्हणून ओळखू तरी येईल."